गरम पाण्याची तोटी

"आत्या, नळ बंद आहे. मी स्वतः बघितला. चल ना आता, लोक खोळंबलेत."

रूबेन दारात गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता. केझायाने ऐकलं न ऐकलंसं केलं. तिने स्वयंपाकघरातला नळ अंगठ्याने दाबून पाहिला, मग न्हाणीघरातला, आणि परत स्वयंपाकघरातला. चौऱ्याहत्तरी गाठली तरी ही खोड काही जाईना. पर्स्लोंच्या घरात नवी सून आली की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तिला डोळे मिचकावत सांगायचं, की केझीआत्याकडे राहायला जाशील तर नळ आवळून ठेव, नाहीतर म्हातारी अंथरुणातून उठवून विचारेल. केझायाही सगळ्यांबरोबर हसायची.

"पॉमफ्रेट रंगाचे डबे घेऊन आठपासून येऊन बसलाय," गाडीत बसल्यावर रूबेन म्हणाला. "दुपारच्या आत अक्षरं काढायची आहेत त्याला. तू फक्त हो म्हण, बाकी मी बघतो."

"कशाला हो म्हणू?"

"झालं! महिनाभर काय चाललंय मग आपलं? आत्या, सोप्पं आहे. कॉमेट बोटीच्या बाजूवर शेवटच्या कप्तानाचं नाव. म्हणजे तुझ्या बाबांचं, माझ्या आजोबांचं. सायलस पर्स्लो. बस्स. मंडळातले बाकीचे म्हणतात, घराण्यात तूच वडीलधारी, तुझ्या तोंडून येऊ दे. नाहीतर ती टॅम्सिन सोडणार आहे होय? तिला इंजिनघराच्या दारावर तिच्या आजोबांचं, जेबेझचं नाव पाहिजे. ज्याने बॉयलर जाळला त्याचं नाव बॉयलरच्याच दारावर! लोक दात काढतील."

केझाया खिडकीबाहेर बघत राहिली. सप्टेंबरचं कोवळं ऊन कुंपणांवर पडलं होतं आणि ब्लॅकबेरी पिकून काळ्या झाल्या होत्या. गेला महिनाभर तिने या प्रश्नाला बगल दिली होती. कधी गुडघे दुखत होते, कधी कान वाजत होते. आज काही सुटका दिसत नव्हती.

कालव्यावरची मालवाहू कॉमेट सदुसष्ट वर्षांनी पुन्हा वाफेवर चालणार होती. एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यात मालक कंपनीने तिचं इंजिन उपटून काढलं आणि तेलाचं बसवलं. महायुद्धानंतर तिने कालव्यातला गाळ वाहिला. मग तेही काम संपलं आणि वीटभट्टीमागच्या एका फाट्यात ती काठोकाठ बुडून पडली. रूबेन आणि चारपाच निवृत्त गडी तिला बाहेर काढायला गेले, तेव्हा खोलीतून मनगटाएवढं झाड वर आलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. तळाच्या फळ्या नव्या झाल्या, बॉयलर नवा घडवला, आणि अगदी त्याच मापाचं इंजिन एका बंद पडलेल्या लोणच्याच्या कारखान्यात सापडलं. ते पुरतं खोलून, घासून, पुन्हा जोडलं ते टॅम्सिनने. जेबेझची नात. तीन वर्षं शनिवार-रविवार तिने त्या इंजिनात घातले होते. रूबेनला ती पोरगी डोळ्यांसमोर नको असायची, पण तिच्याइतकं काम जाणणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो गप्प होता.

धक्क्याच्या पायऱ्या उतरताना केझायाला आधी वास आला. गरम तेल, दगडी कोळशाचा धूर, ओल्या दोरखंडाचा कुबट दर्प. तिचे पाय तिथेच थांबले.

"काय झालं? चक्कर आली का?"

"नाही रे. गप जरा."

कॉमेट उभी होती. सत्तर फूट लांब आणि दोन हात पसरले तर संपेल इतकी अरुंद. काळं अंग, लाल-हिरवी खोली, धुराड्यावर तीन पितळी पट्टे. मागे जोडबोट नव्हती, पण केझायाला दिसली. दोराने कॉमेटच्या मागे ओढली जाणारी, जिच्यात ती जन्मली ती. आईची खोली जेमतेम दहा फुटांची. जाळीच्या कडांच्या बशा भिंतीभर, पितळी मुठी रोज घासलेल्या, गुलाब रंगवलेली पाण्याची कॅन छपरावर. खाणंपिणं, भांडणं, बाळंतपणं सगळी त्या दहा फुटांत. कॉमेटवर जेबेझकाका इंजिन सांभाळायचे आणि सायलस सुकाणू धरायचे. जेबेझकाकांची बायको नव्हती, त्यांचा अँब्रोज तान्हा असतानाच ती गेली होती. अँब्रोज झोपायचा बापाजवळ, पण जेवायला, मार खायला आणि केस विंचरून घ्यायला जोडबोटीवर. तो नऊ वर्षांचा, केझी सात. दोघांचे दुधाचे दात एकाच डबीत ठेवलेले होते.

"आत्या, या ना!" टॅम्सिनने इंजिनघरातून डोकं बाहेर काढलं. गालावर काजळी, केस फडक्यात बांधलेले. "बघा, नाश्ता कसा चाललाय!"

कोळशाचं फावडं घासूनपुसून तिने भट्टीच्या तोंडाशी धरलं होतं आणि त्यावर डुकराच्या मांसाचे पातळ काप चरचरत होते. इंजिनावरची माणसं असंच न्याहारी करत, आणि बायका त्यांना तोंड भरून शिव्या घालत, की तव्यावर खाल्लं तर काय जीभ झडते का.

"फावडं नीट धुतलंस का गं?" केझायाने विचारलं.

"धुतलं नाही, भाजलं! बाबांनी शिकवलंय."

"बाबा आलाय?"

टॅम्सिनने मानेने दाखवलं. धक्क्यावरच्या बाकावर, काठीवर दोन्ही हात ठेवून, अँब्रोज बसला होता. केझायाने त्याला शेवटचं पाहिलं ते एका मयतीला, आणि तेव्हाही दोघं थडग्याच्या दोन बाजूंना होते. आता त्याची मान सुरकुतली होती, पण कान तेच. लहानपणी ती त्याला कानांवरून चिडवायची, की वारा सुटला की तू शिडासारखा उडशील.

"केझे," तो म्हणाला.

"अँब्रोज."

"म्हातारी झालीस."

"आणि तू काय बाळसं धरलंयस?"

तो हसला. एवढ्या वर्षांनी तिने तो हसलेला पाहिला. ती त्याच्या शेजारी बसली. टॅम्सिनने पावात काप घालून दोघांना दिले. अँब्रोजने एक घास घेतला आणि डोळे मिटले.

"काका फावड्यावर अंडं फोडायचे, आठवतं?" केझाया म्हणाली. "आणि पिवळं तुला, पांढरं मला. मी रडायचे."

"शिट्टी आठवते?" अँब्रोज डोळे मिटूनच म्हणाला. "एक लांब, दोन आखूड, आणि शेवटी वर ओढलेली शेपटी. वरच्या घरांतल्या बायका ती ऐकून चहाचं आधण ठेवायच्या. जेबेझ पर्स्लो आला म्हणून." त्याने डोळे उघडले. "चांगला गडी होता गं. पिण्याने घात केला."

केझायाच्या हातातला पाव तसाच राहिला.

तेवढ्यात रूबेन पॉमफ्रेटला घेऊन आला. पॉमफ्रेट हा रंगारी, बुटका, शांत, कानावर खडू. त्याने कॉमेटच्या बाजूवर खडूने हलकेच दोन रेघा मारून ठेवल्या होत्या.

"तर मंडळी," रूबेन दोन्ही तळवे घासत म्हणाला, "सायलस पर्स्लो, कप्तान. पिवळ्यात, लाल सावली. ठरलं ना?"

"आणि इंजिनघराच्या दारावर जेबेझ पर्स्लो," टॅम्सिन फावडं घेऊनच बाहेर आली. "लहान अक्षरात चालेल. पण पाहिजे."

"टॅम्सिन, हे आपलं बोलून झालंय."

"तू बोललास. मी नाही. वीस वर्षं त्यांनी कॉमेटचं इंजिन चालवलं. एका दिवसासाठी सगळं पुसायचं?"

"एका दिवसात बॉयलर जातो बाई! शिशाचं बूच वितळलं म्हणजे काय ते तुला मी सांगू? पाणी तळाला गेलं, बूच वितळलं, वाफ भट्टीत घुसली. आणि इंजिनवाला कुठे होता? गुत्त्यात! कंपनीने त्याला त्याच दिवशी उतरवलं आणि वर म्हणाली, वाफेचा हा ताप नकोच. त्या एका पेल्यापायी कॉमेटची वाफ गेली."

"एक पेला तर सगळेच घ्यायचे!" टॅम्सिनचा आवाज चढला. "बोटी वरखाली करणाऱ्या लॉकचं दार दुरुस्त होत होतं, तास दोन तास रांगेत उभं राहायचं होतं. आग दाबून, पाणी बघून गेले होते ते. बाबा, तुम्ही सांगा ना याला!"

सगळे अँब्रोजकडे वळले. त्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"रूबेन म्हणतो ते बरोबर आहे," तो म्हणाला.

"बाबा!"

"नको लिहू. लाज काय रंगवून ठेवायची असते? आयुष्यभर ऐकत आलो मी. वीटभट्टीवर पोरं मला बूच म्हणायची. ए बूच, इकडे ये. पाण्यावरचा माणूस मी, आणि मला चिखल तुडवायला लागला. त्याला विचारलं की एकच सांगायचा, बॉयलरच्या काचेत पाणी होतं, अर्ध्याच्या वर होतं. मरताना, इस्पितळात, तेव्हासुद्धा तेच. मी म्हटलं, बाबा, आता तरी खरं बोल." त्याने नाक पुसलं. "तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी गेला."

टॅम्सिनने फावडं खाली ठेवलं. तिचा चेहरा पार उतरला होता. रूबेनलाही एवढं ऐकायचं नव्हतं. त्याने खाकरून केझायाकडे पाहिलं.

"मग आत्या? सायलसच ना?"

हो म्हटलं की संपलं होतं. सगळे एका बाजूला होते, जेबेझचा मुलगासुद्धा. एकटी टॅम्सिन रडली असती, मग तिनेही डोळे पुसून भट्टीत कोळसा टाकला असता. केझाया उठली. तिला उत्तर द्यायचं नव्हतं. तिला फक्त चार पावलं लांब जायचं होतं, म्हणून ती इंजिनघराच्या दाराशी गेली आणि आत वाकली.

आत उबदार अंधार होता आणि पितळ चमकत होतं. पाण्याची काच, दाबाची तबकडी, आणि खाली, बॉयलरच्या पाठीशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक छोटी तोटी.

"ही कुठून आली?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"ती होय?" टॅम्सिन नाक ओढत म्हणाली. "नकाशात नाहीये. पण जुन्या फोटोत दिसते. चहाला बरी म्हणून मी बसवली. आजोबांनीच लावली असणार, पण कशाला ते कळत नाही."

"माझ्या आईसाठी," केझाया म्हणाली.

ती दाराच्या उंबऱ्यावर बसली. तिचे गुडघे खरंच दुखत होते.

"धुण्याला गरम पाणी लागायचं. आईला दिवस गेले होते, टोपलं टोपलं कपडे, आणि चूल एवढीशी. काकांनी ती तोटी लावून दिली. म्हणाले, वहिनी, बॉयलर तुझाच आहे, पण पाणी मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि घेतलं की आवळून बंद करायचं. त्या दिवशी आई आडवी झाली होती. पाय सुजले होते तिचे. मी म्हटलं, आपण धुणं करू, ती उठेल तेव्हा बघेल. कोणालाच विचारलं नाही. तू कुठे होतास रे अँब्रोज?"

"लॉकवर. दार बघत," तो सावकाश म्हणाला.

"मी बादली घेऊन इथे आले. तोटी तापलेली. फडक्याने धरली, उघडली, बादली भरली, फिरवली. मला वाटलं बंद झाली. बादली जड होती, दोन्ही हातांनी उचलायला लागली. तोटीखालच्या पन्हळीतून गळलेलं पाणी बोटीच्या तळात जायचं, कोणाला भाजू नये म्हणून. आणि शेजारी लॉकचं पाणी धो धो पडत होतं. काही ऐकूच आलं नाही. मी आपली काठावर बसून कपडे चोळत होते. गाणं म्हणत होते."

पॉमफ्रेटने कानावरचा खडू काढून मुठीत धरला.

"मग तो आवाज झाला. वाफेचा. मी धावत आले तर सगळं पांढरं झालेलं. आणि तोटी... तोटीतून पाणी नव्हतं येत, नुसती फुसफुस. मी ती बंद केली. कोणी बघायच्या आत. काका गुत्त्यातून पळत आले, त्यांनी सगळ्यात आधी तोटीलाच हात लावला. घट्ट बंद होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. त्यांना काय वाटलं ठाऊक नाही. ते काही बोलले नाहीत. काचेत पाणी होतं रे अँब्रोज. ते खरं बोलत होते. मी घालवलं ते."

"केझी..." रूबेन म्हणाला. आत्या म्हणायचंही तो विसरला.

"आईला कळलं होतं. टब भरून गरम पाणी आणि धुतलेले कपडे बघून तिला काय कळायचं राहील? तिने मला एवढंच सांगितलं, तोंड धू. बाबांची नोकरीही गेली असती म्हणून असेल. पण ती गेली, बाबा गेले, त्यानंतर मला कोणी अडवलं होतं? मीच भित्री. आधी मार बसेल म्हणून, मग लोक काय म्हणतील म्हणून, आणि मग इतकी वर्षं झाली म्हणून. आजही मला 'हो' म्हणून घरी जायचं होतं."

अँब्रोज काठीवर जोर देऊन उठला. तो तिच्याकडे आला नाही. तो धक्क्यावरून सरळ लॉकच्या दिशेने चालत गेला. टॅम्सिन मागे धावणार होती, केझायाने तिचा हात धरला.

"जाऊ दे गं त्याला."

"तुम्ही सांगायला हवं होतं," टॅम्सिन म्हणाली. तिने हात सोडवून घेतला नाही, पण आवाज धारदार होता. "ते जिवंत असताना. निदान बाबा विचारायला गेले त्याच्या आधी."

"हो."

रूबेनने टोपी काढली, पुन्हा घातली. पॉमफ्रेटनेच शेवटी खाली बसून ब्रश उघडला. तो कोणाच्या घरातला नव्हता, पण रंग सुकत चालला होता.

"दारावर काय लिहू?" त्याने विचारलं.

केझायाने रूबेनकडे पाहिलं. तो मघापासून ज्या हट्टाने उभा होता, तो आता त्याच्या अंगावर नीट बसेना.

"जेबेझ पर्स्लो, इंजिनवाला," रूबेन म्हणाला. "आणि लहान नको. आजोबांच्याच मापाचं काढा."

अक्षरं उमटायला लागली. पॉमफ्रेटचा हात असा चालायचा की बघत राहावं. एक ओढ खाली, एक वळण, आणि ब्रश उचलला की अक्षर तयार. 'जे' हे पहिलं अक्षर संपलं तेव्हा टॅम्सिन आत जाऊन काच पुसत बसली, कारण तिला रडायचं होतं आणि लोकांसमोर नको होतं. केझाया उंबऱ्यावरच बसून होती. तिला हलकं वाटेल असं तिने इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. तसं काही वाटत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून झोपलेला जेबेझकाका डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

शेवटचं अक्षर होत आलं तेव्हा काठीची टकटक ऐकू आली. अँब्रोज परत आला होता. त्याचे डोळे लाल होते. तो दारासमोर उभा राहिला आणि बापाचं नाव वाचलं. शाळेत तो वीटभट्टीवर आल्यानंतरच गेला होता, अजूनही ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचायचा. दोनदा वाचलं.

"मीच त्याला खोटा म्हणालो," तो म्हणाला. "तू नुसती गप्प राहिलीस. म्हणालो मी."

"माझ्यामुळे म्हणालास."

"ते आहेच. तुला मी आज माफबिफ करणार नाही, केझे. मला जमणार नाही. उद्याचं माहीत नाही."

"बरं."

"सरक."

ती सरकली. तो कण्हत कण्हत तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. दोघं बसल्यावर दार भरून गेलं आणि आत टॅम्सिनला हलायला जागा उरली नाही.

"बाबा, शिट्टी द्यायची आहे," ती आतून म्हणाली. "कशी द्यायची?"

"तुला काय, कशीही दे."

"कशीही नाही. त्यांची द्यायची आहे."

अँब्रोजने केझायाकडे पाहिलं. त्या शिट्टीला ओळखणारे आता दोघंच उरले होते. त्याने काठी उंबऱ्यावर ठेवली, हवेत हात वर केला, आणि केझायाने त्याच्याबरोबर. एक लांब. दोन आखूड. आणि मग दोघांचे हात एकदमच वर गेले, शेवटच्या शेपटीसाठी. टॅम्सिनने तशी दोरी ओढली. आवाज लॉकच्या भिंतींवर आपटला, वरच्या घरांवरून गेला. तिकडे एक खिडकी उघडली.

"पहिल्यांदाच जमली पोरीला," अँब्रोज म्हणाला, आणि त्याने बाहीने डोळे पुसले. केझायाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो काढला नाही.

मग टॅम्सिन म्हणाली, "चहा घेणार का कोणी?"

"मी करते," केझाया म्हणाली. ती उठली, कॉमेटच्या छपरावरची तशीच गुलाबांची कॅन घेतली, आत वाकली आणि तोटी फिरवली. गरम पाणी वाफाळत कॅनमध्ये पडलं. कॅन भरली, तिने तोटी बंद केली. कॅन जड होती, ती दोन्ही हातांनी उचलून ती वळली.

"केझे," अँब्रोज उंबऱ्यावरून म्हणाला. "घट्ट बंद केलीस ना?"

ती थांबली. कॅन खाली ठेवली. मागे जाऊन तोटीवर हात ठेवला, तर अँब्रोजही आत वाकलेला, त्याचा सुरकुतलेला हात तिच्या हातावर. दोघांनी मिळून ती आणखी एकदा आवळली.

"झाली," तो म्हणाला. "चल, चहा कर."